भिंतीवरची सवत

ठाण्याच्या चरईत राहणाऱ्या उत्तरा कर्णिकला एक सवत होती, आणि ती उत्तराच्या लग्नाआधीच वारली होती. आता मेलेल्या बाईचं कोणी काय मनावर घ्यावं? पण उत्तरा घ्यायची. सकाळी सडा घालताना घ्यायची, दुपारी तांदूळ निवडताना घ्यायची, आणि कोपिनेश्वराला गेली की देवासमोर हात जोडूनही मनात तेच घोळवत उभी राहायची. बाई तशी वाईट नव्हती. कामाला वाघ, हाताला चव, शेजारीपाजारी कोणाचं दुखलंखुपलं की सगळ्यात आधी ही हजर. तोंड मात्र फटकळ. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण दोन्ही गालांवर राहिले होते, आणि त्यावरून कोणी चकार शब्द काढला तर समोरच्याची सात पिढ्यांची कुंडली मांडून दाखवायची. अशा बाईने जिवंत माणसाला भ्यावं असं काही नव्हतं. म्हणून की काय, तिच्या नशिबी मेलेली आली.

तिचा नवरा त्र्यंबक चित्रं काढायचा. गिरगावात एक शिळाछापखाना होता, तिथला तो चितारी. मुंबईहून ठाण्याला आगगाडी सुरू होऊन तेव्हा तीसएक वर्षं झाली होती, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस जाऊन तो दगडावरचं काम उरकून येई. कच्चं चित्र मात्र घरी, पुढच्या खोलीत, खिडकीजवळ बसून काढी. दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर ते सुलट उमटतं. म्हणून कच्चं चित्र झालं की तो आरसा घ्यायचा आणि त्यात बघत बसायचा. तासन्‌तास बघायचा. उत्तरा चहाची वाटी ठेवून जायची, ती गार व्हायची, आणि हा आरशातल्या बाईकडे बघतोच आहे.

कारण चित्रात बाई असायचीच. छापखान्याच्या शेठला सणावारी खपणारी चित्रं हवी असत, आणि सगळ्यांत जास्त खपायचं ते दिवाळीचं. पहाटेची वेळ, तुळशीवृंदावन, दारात रांगोळी, पणत्यांचा पिवळा उजेड, आणि पाटावर बसलेल्या लेकराला तेल लावणारी तरुण, हसरी घरधनीण. मुंबईत खोल्या घेऊन राहिलेले कोकणातले, देशावरचे कारकून ते चित्र विकत घ्यायचे, भिंतीला डकवायचे, आणि डोळ्यांच्या कडा पुसून म्हणायचे, अशी दिवाळी आता राहिली नाही हो. अशी दिवाळी होती कधी, हे त्यांना विचारायला कोणी जात नसे. खुद्द चितारी महाराजांच्या घरी त्या पहाटे ओली लाकडं धुमसत असत, कढत पाणी कोणी आधी घ्यायचं यावरून रणकंदन माजलेलं असे, आणि उटणं आणायचं राहिलं म्हणून त्र्यंबकाची आई, माई, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेचं माहेर काढत असे. ते चित्रात कोण काढतो?

त्याचं उत्तराला काही नव्हतं. खोटं तर खोटं, पोटाला मिळतंय ना. तिला खुपायचा तो चेहरा. दरवर्षी तीच बाई. तोच चाफेकळी नाकाचा, भरल्या गालांचा चेहरा, तीच मान किंचित कलती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला छापील चित्र घरी आलं, माईंनी ते हातात घेतलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

"थोरली गं माझी," त्या म्हणाल्या. "हुबेहूब सुमती. कसं हसू उतरवलंय बघा."

सुमती म्हणजे त्र्यंबकाची पहिली बायको. तापाने गेली. उत्तरा सून म्हणून घरात आली तेव्हा माईंनी रीतीप्रमाणे सवतीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात घातला होता, तो तिने निमूट घातला. गळ्यातली सवत तिला चालली. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्याला नाकडोळे कुठले? पण ही भिंतीवरची काही केल्या चालेना. ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायची. शेजारच्या कलावतीकाकू यायच्या, तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, काय सोज्वळ चेहरा. मग त्यांची नजर उत्तराच्या गालांवर यायची आणि त्या विषय बदलायच्या. ते विषय बदलणं उत्तराला जास्त झोंबायचं.

एकच ध्यास घेतला तिने. त्या पाटाशी एकदा तरी आपण बसायचं. दागिना नको, लुगडं नको, पण एका दिवाळीला तरी लोकांनी ते चित्र बघून म्हणावं, ही त्र्यंबकरावांची उत्तरा. मग त्यासाठी तिने काय नाही केलं? भाद्रपद लागला, नवऱ्याने कोरा कागद फळीवर ताणला, की ही ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढच्या खोलीत तांदूळ निवडायला बसे. बरी बाजू त्याच्याकडे करून बसे. बरी म्हणजे ज्या गालावर व्रण जरा कमी तो गाल. मानही किंचित कलती करून बघितली, तर दुसऱ्या दिवशी मानेला उसण भरली.

त्र्यंबक एकदा वर बघून म्हणाला, "इथे उजेडात बसतेस ते बरं करतेस. खडे नीट दिसतात."

शेवटी तिने तोंडानेच विचारलं. लाजलज्जा गुंडाळून विचारलं. "इकडून माझं चित्र कधी व्हायचं?"

तो दचकला. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुझं कशाला? तू आहेस की."

केवढ्या मायेने म्हणाला तो. आणि उत्तराला वाटलं, हा म्हणतोय चित्रात काढण्याजोगं तुझ्यात काय आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशीच्या आमटीत तिने मिठाचा खडा दोनदा टाकला. चुकून नव्हे.

चेंदणीच्या कोळीवाड्यातली मंजुळा म्हातारी त्यांच्याकडे मासळी घालायची, आईच्या वयाची. सुमतीला तिने पाहिलं होतं. एकदा बोंबील साफ करता करता उत्तराने विषय काढला. आडून आडून काढला, पण मंजुळेने जन्मभर बाजार केलेला, तिला काय कळायचं ते कळलं. तिने ओट्यावरूनच मान लांब करून भिंतीवरचं चित्र बघितलं.

"ही थोरली? नाय गो बाय," ती म्हणाली. "तिचा वरचा दात पुढं व्हता. नि हसताना कवा बघितली मी तिला? सासू बोलून बोलून जीव खायची. हितंच पायरीवर बसून रडायची बिचारी."

आता दुसरी कोणी असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. सुमती काही अप्सरा नव्हती, माईंचा आज जो कढ येतो तो तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे, आणि चित्रातली बाई निम्मी नवऱ्याच्या डोक्यातून आलेली. चारचौघींसारखीला एवढं पुरलं असतं. पण मत्सर एकदा मनात घर करून बसला की त्याला कशाचंही खाद्य चालतं. उत्तरा दिवसभर विचार करत राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिने निकाल लावला. दात पुढे असूनही त्याला ती अशी दिसते. म्हणजे किती जीव असेल तिच्यावर. आपले व्रण मात्र त्याला बरोबर दिसतात. त्या रात्री ती जेवली नाही, आणि का जेवली नाही हे कोणी विचारलं नाही, म्हणून आणखी चिडली.

मग हेमा झाली. मुलगी गोरीगोमटी, गुटगुटीत, बापाच्या वळणावर गेलेली. वर्षभर उत्तराला भिंतीकडे बघायला फुरसत झाली नाही. आळीतल्या बायका म्हणाल्या, निवली बाई एकदाची. तिलाही तसंच वाटत होतं. भाद्रपद आला, कागद ताणला गेला, त्र्यंबक हेमाला पुढच्या खोलीत घेऊन बसू लागला. तिला पाटावर बसवी, खुळखुळा देई, आणि भरभर पेन्सिल चालवी. उत्तराने दाराआडून ते पाहिलं आणि तिच्या आशेला पालवी फुटली. लेक आली चित्रात. आता आईला कुठे ठेवणार हा? लेकराला तेल आईच लावते ना? काम चालू असताना चित्र बघितलेलं त्याला खपत नसे, म्हणून ती पुढे गेली नाही. पण त्या आठवड्यात ती गुणगुणत होती, आणि माईंना चक्क पाय चेपून देत होती.

पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी सवाष्णपणी गेलेल्या बाईची ती तिथ. तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, हळदीकुंकू लावून खणानारळाने तिची ओटी भरायची. दुसरेपणावर आलेल्या बायकोने हे सवतीसाठी करायचं, असा रिवाज. उत्तरा दरवर्षी करायची, दातओठ खात करायची. "थोरलीला घारगे आवडायचे हो," असं माई दरवर्षी म्हणायच्या, आणि ही दरवर्षी भोपळा किसायची. त्या वर्षी मात्र तिने घारगे मनापासून केले. आपण जिंकलो असं वाटलं की हरलेल्यावर दया येते माणसाला.

कलावतीकाकू सवाष्ण म्हणून पाटावर बसल्या. पान वाढलं. नवऱ्याने पहिला नमस्कार करायचा म्हणून त्याला बोलवायला उत्तरा पुढच्या खोलीत गेली, कडेवर हेमा. तो खिडकीशी नव्हता, हातपाय धुवायला मागे गेला होता. फळीवर चित्र तसंच उघडं होतं.

हेमा होती त्यात. तिची हेमा, दंडाला वळ्या पडलेली, जिवंतच. आणि सुमतीच्या मांडीवर होती.

तेच नाक, तेच भरले गाल, तेच कलत्या मानेचं हसू, आणि त्या बाईचा तेलाचा हात तिच्या लेकीच्या पाठीवर. नऊ महिने पोटात वागवलं कोणी, रात्र रात्र जागलं कोणी, आणि मांडी कोणाची?

त्र्यंबक पंच्याला हात पुसत आला. तिचा चेहरा बघून थबकला.

"हे काय?" ती म्हणाली. "माझी पोर तिच्या मांडीवर?"

तो गोंधळला. त्याला खरंच कळलं नाही. "अगं, चित्र आहे ते. मूल समोर बघून काढावं लागतं, मनातून काढलं की बाहुलीसारखं होतं. बाई आठवून काढतो मी."

"मला बघून काढता येत नाही?"

"तुला?" तो म्हणाला. "तू समोर असताना तुझं काय आठवू?"

उत्तरा आत गेली. कलावतीकाकूंच्या पानाशेजारी ओटीचं ताट होतं, तांदूळ, हळकुंड, खण, नारळ. ते तिने उचललं. काकूंनी सवयीने पदर पुढे केला होता, तो तसाच राहिला. ताट घेऊन ती पुढच्या खोलीत आली आणि चित्रासमोर आदळलं. नारळ घरंगळत खिडकीखाली गेला.

"घे," ती चित्राला म्हणाली. "तुझी तू भर. घर तुझं, नवरा तुझा, आता पोरही तुझी. मग मी कशाला हवी इथे?"

सवाष्ण पाटावर, पान वाढलेलं, आणि ओटी अशी भिरकावलेली. असं चरईत कोणी पाहिलं नव्हतं. माईंनी डोक्याला हात लावला. काकू घास न घेता उठल्या आणि उपाशी सवाष्ण घरातून गेली, हे पुढे कित्येक वर्षं लोक एकमेकांना सांगत होते. उत्तरा त्याआधीच पायरी उतरली होती. मंजुळा सुकी मासळी घेऊन कल्याणच्या बाजाराला निघाली होती, तिच्या सोबतीने कर्णिकांची सून, काखेत पोर, शेजारी सोड्यांची पाटी, अशी आगगाडीत बसून माहेरी गेली.

कल्याणला पारनाक्यापाशी तिचा भाऊ गुरुदत्त राहायचा, मामलेदार कचेरीत नोकरीला. त्याने काही विचारलं नाही. वहिनीने, सुमेधाने, पहिले आठ दिवस लाड केले, मग भांडी आपटायला सुरुवात केली. ठाण्याहून कोणी आलं नाही. माईंनी म्हणे लेकाला बजावलं होतं, नाक घासत आली तरच दार उघडायचं. उत्तरा संध्याकाळी हेमाला घेऊन काळ्या तलावावर जायची आणि स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत बसायची. राग अजून होता, पण रागाला आता भूक लागली होती. आपण नसताना तिथे काय चाललं असेल? ती आणि तो, दोघंच. आता मध्ये चहाची वाटी ठेवायलाही कोणी नाही. या विचाराने ती तळमळायची. आपणच सवतीला घर मोकळं करून दिलं, एवढी अक्कल तिला तलावाच्या काठी सुचली.

दिवाळी चार दिवसांवर आली. सुमेधा बाजारातून परतली ती पणत्या ओट्यावर टाकून धावतच आत आली.

"वन्सं, हे बघा. बाजारात नुसती झुंबड उडालीय याच्यासाठी."

चित्र. तीच पहाट, तेच वृंदावन. मांडीवर हेमा. आणि तिला तेल लावत बसली होती ती उत्तरा.

ती स्वतःच. तिचं रुंद कपाळ, तिचे कुरळे, काही केल्या न बसणारे केस, एक गुडघा वर घेऊन बसायची तिची लकब, कामाला लागताना कमरेला खोचलेला पदर. हिरवं लुगडंसुद्धा. तिला वाटायचं त्याने ते कधी बघितलंच नाही. शेजारच्या बायका जमल्या. त्या म्हणाल्या, अगं बाई, ही तर आपली उत्तरा, काय गोड दिसतेय, काय शांत. एक म्हातारी बघता बघता रडायला लागली, म्हणाली, आमच्या वेळी सुना अशा असायच्या. उत्तराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते चित्र घेऊन ती पारनाक्यातल्या सात घरी काही ना काही निमित्ताने जाऊन आली. विरजण मागायला सुद्धा चित्र घेऊन गेली. गाल गुळगुळीत आहेत हे तिला दिसलं होतं. दिसलं आणि तिने ते माफ करून टाकलं. जिंकलेल्या बाईने असल्या बारीकसारीक गोष्टी काय धरून बसायच्या?

धनत्रयोदशीला गुरुदत्त तिला ठाण्याला पोचवायला आला. दार उघडंच होतं. माई तुळशीपाशी होत्या. त्यांनी सुनेकडे बघून तोंड फिरवलं, पण हेमाने आजीकडे झेप घेतली आणि मग त्यांचा निरुपाय झाला. गुरुदत्त त्यांची समजूत घालायला ओसरीवर टेकला. उत्तरा सरळ पुढच्या खोलीत गेली. तिच्या पायांत बळ आलं होतं. नव्या नवरीच्या वेळीसुद्धा या घरात ती अशी शिरली नव्हती.

त्र्यंबक खिडकीशी होता. शेठला भेट द्यायची एक खास प्रत तो हाताने रंगवत होता. भिंतीवरची जुनी चित्रं काढलेली होती, सुमती कुठे दिसत नव्हती. आरशात बघावं तसा तो त्या कागदाकडे बघत होता, मान किंचित कलती, ओठांवर हसू. लग्नाच्या इतक्या वर्षांत उत्तराकडे त्याने तसं कधी बघितलं नव्हतं.

"मी आले," ती म्हणाली.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला. "घर खायला उठलं होतं गं. तू गेलीस, आणि तू मला पहिल्यांदा नीट दिसलीस. दोन दिवसांत झालं चित्र. एक रेघ पुसावी लागली नाही."

हे ऐकायला ती आयुष्यभर थांबली होती. मग तिने ते का विचारलं, देव जाणे.

"आणि गालावरचे व्रण?"

"व्रण?" त्याने वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, थोडा वेळ, अनोळखी बाईकडे बघावं तसं. मग पुन्हा कागदाकडे. "ते आठवलेच नाहीत बघ."

त्याने कुंचला बुडवला. हिरव्या लुगड्याच्या काठावर अलगद, जपून रंग लावू लागला. ती अजून तिथेच उभी होती.

"जरा बाजूला सर," तो मायेने म्हणाला. "उजेड अडतोय."

उत्तरा सरली. भिंतीला पाठ लावून ती त्या बाईकडे बघत राहिली. गुळगुळीत गालांची, तोंडातून अवाक्षर न काढणारी, ओटी न फेकणारी, माहेरी न पळणारी, मांडीवर तिची हेमा घेऊन बसलेली बाई. ही कधी भांडणार नव्हती, कधी म्हातारी होणार नव्हती, आणि तो तिच्यावरून नजर काढत नव्हता. सुमतीचा इतकी वर्षं हेवा केला, पण या बाईच्या हेव्यापुढे तो काहीच नव्हता. सुमती निदान मेलेली तरी होती.